काडतुसांच्या पट्ट्याच्या मागं: बेळगाव, खानापूर, कित्तूर

शुक्रवार

बंदुकीवर बोलणारी माणसं ढिगानं भेटतात. कुठली रायफल, किती रेंज, कुठल्या लढाईत वापरली, सगळं पाठ असतं लोकांना. पण त्या बंदुकीत घालायच्या गोळ्या सैनिक अंगावर कुठं ठेवायचा, किती ठेवायचा, पळताना त्या पडायच्या नाहीत का आणि संपल्या तर पुढं काय, हे विचारलं की सगळे गप्प. मला हे खूळ बरेच दिवस डोक्यात होतं आणि त्यासाठी बेळगावइतकी सोयीची जागा नाही असं माझं मत आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर तिथं १९२२ पासून आहे, मुन्रोनं घेतलेला किल्ला शहरातच, कित्तूर पन्नासेक किलोमीटरवर आणि खानापूर साइडला गावागावात पेन्शनर फौजी. वर मावशीचं घर शहापुरात, म्हणजे राहण्याखाण्याचा प्रश्नच नाही.

कोल्हापुरातून सकाळची एसटी धरली. निपाणीला चहा, संकेश्वरला पाऊस. सप्टेंबर संपत आला तरी पाऊस हटत नव्हता, खिडकीची काच वर सरकलेली ती खालीच येईना आणि शेजारचे आजोबा मलाच दटावत होते की काच लाव म्हणून. दुपारी जेवायला मावशीकडं. जेवणानंतर कुंदा आलाच, बेळगावात कुंदा खाल्ल्याशिवाय सोडत नाहीत.

संध्याकाळी मावसभावाच्या बाईकवरून किल्ल्यात गेलो. खंदक पाण्यानं भरलेला, दरवाजाजवळ देवळं, आत कमल बस्ती हे जैन मंदिर आणि बाकी बराच भाग मिलिटरीचा. १८१८ मध्ये पेशवाई बुडत असताना जनरल मुन्रोनं या किल्ल्याला वेढा घातला आणि एप्रिलमध्ये किल्ला पडला. तोफांचं वर्णन सगळीकडं वाचायला मिळतं. मला त्या खंदकाच्या काठावर उभं राहून कंपनीचा साधा शिपाई आठवत होता, खांद्यावरून तिरका पांढरा पट्टा आणि उजव्या कुल्ल्यावर लोंबणारं काळं तोसदान.

तोसदान म्हणजे नुसती पिशवी नव्हती. चामड्याचा डबा, आत भोकं पाडलेला लाकडी ठोकळा, एकेका भोकात एकेक काडतूस उभं आणि ठोकळ्याखाली पत्र्याच्या खणात जास्तीची. काडतूस म्हणजे तरी काय, कागदाची पुडी, त्यात मापलेली दारू आणि शिशाची गोळी. पुडी दातानं फाडायची, चिमूटभर दारू नळीबाहेरच्या वाटीत, रंजकात टाकायची, उरलेली नळीत ओतायची, मग गोळी कागदासकट गजानं ठासायची. शिकलेला शिपाई मिनिटाला दोन, फार तर तीन बार काढायचा. साठ काडतुसं ही त्या काळची नेहमीची भरती, म्हणजे नुसतं शिसंच पावणेदोन-दोन किलो आणि ते सगळं एकाच कुल्ल्यावर. शिवाय ठिणगी पाडायच्या गारगोट्या जास्तीच्या ठेवायला लागायच्या, कारण वीसतीस बारांत चकमकीची गार बोथट व्हायची. म्हणजे काडतुसं शिल्लक आहेत पण गार गेली म्हणून बंदूक मुकी, असंही होऊ शकायचं.

आणि पाऊस. तोसदानाला वरून जाडजूड चामड्याचं झाकण असायचं ते काही शोभेसाठी नाही. कागद भिजला की काडतूस गेलं. भाऊ म्हणाला, ‘बेळगावच्या पावसात लढाई कशी करत असतील रे?’ मी म्हटलं करतच नसतील, वेढे बघ, बहुतेक कोरड्या दिवसांतले.

खंदकाच्या कडेनं परत येताना १८५७ चं बोलणं निघालं, निघणारच. एन्फील्डच्या काडतुसाला चरबी का लावायची हे शाळेत कोणी नीट सांगत नाही. त्या बंदुकीच्या नळीत आतून आटे होते, गोळी घट्ट बसायची, म्हणून ती सरकायला आणि दारूचा कीट मऊ राहायला काहीतरी ओशट लागायचंच. कशाची चरबी यावर शिपायांचा भरवसा उडाला आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आमच्या कोल्हापुरात २७ व्या बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीनं ३१ जुलै १८५७ ला उठाव केला. बेळगावच्या पलटणीवरही तेव्हा साहेबांचा डोळा होता. एवढा मोठा स्फोट झाला तो बंदुकीवरून नाही, तिच्या खाऊवरून झाला, हे मला नेहमी लक्षात ठेवण्यासारखं वाटतं.

शनिवार

आजचा मुख्य कार्यक्रम मराठा सेंटर. आर्मीची जागा असल्यामुळं म्युझियम बघायचं तर आधी चौकशी करून, ओळखपत्र घेऊन जायचं, मनात आलं की शिरलो असं होत नाही. भावाच्या ओळखीचे एक निवृत्त हवालदार बरोबर आले म्हणून काम सोपं झालं. मोबाईल बाहेर, त्यामुळं फोटो विचारू नका.

एक सांगतो. जगातल्या कुठल्याही लष्करी म्युझियममध्ये रायफल काचेत असते आणि तिच्यावर लाइट मारलेला असतो, पट्टे आणि पाऊच मात्र पुतळ्याच्या अंगावर, कपड्याचा भाग असल्यासारखे. त्यामुळं मी जिथं जाईन तिथं पुतळ्याच्या कमरेकडं वाकून बघत बसतो आणि लोक माझ्याकडं बघतात. हवालदारांनी दोनदा विचारलं, ‘काय हरवलंय काय?’

पहिल्या महायुद्धातली ली-एन्फील्ड, आपल्याकडं नुसती थ्री नॉट थ्री. मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. पाच पाच गोळ्यांची पोलादी पट्टी, तिला चार्जर म्हणायचं, ती वरून खाचेत उभी करून अंगठ्यानं खाली दाबली की पाचही गोळ्या आत. ऐकायला सोपं पण थ्री नॉट थ्रीच्या काडतुसाला बुडाशी कड असते, ती एकमेकींत अडकली की रायफल जाम. म्हणून चार्जरमध्ये गोळ्या बसवतानाच एक खाली एक वर, एक खाली एक वर अशा बसवायच्या, मग पट्टी कुठल्याही बाजूनं लावली तरी चालते. अंधारात, चिखलात, हात थरथरत असताना उलटसुलट बघायला वेळ कुठं असतो, कुणीतरी शहाण्यानं आधीच विचार करून ठेवलाय.

हे चार्जर ठेवायला ब्रिटिशांनी १९०८ मध्ये जाड विणीच्या सुती पट्ट्यांचा नवा साज काढला. डाव्या बाजूला पाच पाऊच, उजव्या बाजूला पाच, खाली तीन वर दोन असे. एका पाऊचमध्ये तीन चार्जर, म्हणजे पंधरा गोळ्या, एकूण दीडशे. वजन साधारण पावणेचार किलो, पण दोन्ही बाजूंना सारखं वाटलेलं आणि खांद्यावरच्या पट्ट्यांनी मागच्या ओझ्याशी तोललेलं. तोसदानाशी तुलना केली तर केवढी सुधारणा. पण लढाई सुरू झाल्यावर एक भानगड लक्षात आली. सैनिक खंदकाच्या भिंतीला डावी बाजू टेकून गोळ्या झाडायचा, मातीला घासून डावीकडच्या पाऊचची झाकणं उघडायची आणि चार्जर चिखलात. मग डावीकडच्या पाऊचना आतून जास्तीची पट्टी लावायला लागली, चार्जर धरून ठेवायला. हे असलं कागदावर कधी सुचत नाही, माणसं मातीत लोळल्यावरच कळतं.

आता हिशोब करा. तयार सैनिकानं मिनिटाला पंधरा नेम धरून गोळ्या झाडाव्यात अशी त्या वेळच्या ब्रिटिश फौजेची अपेक्षा. अंगावर दीडशे. म्हणजे पूर्ण जोरात लढला तर दहा मिनिटांत माणूस रिकामा! म्हणून हल्ल्याच्या आधी वरून कापडी बंडोलियर वाटायचे. खाकी सुती पट्टी, पाच खण, खणात दोन चार्जर, एकूण पन्नास गोळ्या. एक किंवा दोन गळ्यात तिरके टाकायचे, लांब पडला तर गाठ मारायची, रिकामा झाला की फेकून द्यायचा. आधी हा वापरायचा, पाऊचमधल्या शेवटासाठी राखायच्या.

हिंदुस्थानी पलटणींच्या त्या काळच्या फोटोंत मात्र बऱ्याचदा जुना चामड्याचा १९०३ चा साज दिसतो, छातीवर तिरका पट्टा आणि त्यावर पाच खण, खणात दहा गोळ्या. फोटोत तो रुबाबदार दिसतो हे कबूल. पण चामडं ओलं झालं की जड होतं आणि वाळलं की कडक, आणि तिरक्या पट्ट्याचं वजन एकाच खांद्यावर येतं. बेल्जियमच्या चिखलात किंवा मेसोपोटेमियाच्या उन्हात तो घालून फिरणाऱ्या आपल्या सातारा-बेळगावच्या पोरांना रुबाबाचं काय.

मेसोपोटेमिया, म्हणजे आजचं इराक, म्हटल्यावर तिथलं कूट आलंच. ब्रिटिश जनरल टाउनशेंडच्या फौजेत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी कूटला वेढा घातला आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती. गंमत म्हणा की दुःख म्हणा, तिथं गोळ्या संपल्या म्हणून हार झाली नाही. अन्न संपलं. शरण जायच्या आधी तोफा आणि उरलेला दारूगोळा स्वतःच्याच हातानं नष्ट करायला लागला. पाऊच भरलेले आणि पोट रिकामं. पुढं कैदेत किती मेले ते वाचवत नाही.

त्याच आघाडीवर शेवटी शेवटी, ऑक्टोबर १९१८ मध्ये शर्कातला ११४ मराठा लढले आणि त्या एका लढाईत पलटणीला २८ शौर्यपदकं मिळाली. हवालदार हे सांगताना आपोआप ताठ उभे राहिले.

दुसऱ्या महायुद्धात सगळा साजच बदलला. १९३७ चा पॅटर्न, दहा छोट्या पाऊचच्या जागी छातीवर दोन मोठे चौकोनी. आणि गंमत अशी की हे पाऊच रायफलवाल्यासाठी नव्हतेच, ब्रेनगन या हलक्या मशीनगनच्या वाकड्या मॅगझिनच्या मापाचे होते. सेक्शनमध्ये, म्हणजे सैनिकांच्या सगळ्यात लहान तुकडीत, ब्रेनगन एक, पण तिची मॅगझिनं सगळ्यांच्या पाऊचमध्ये वाटलेली. मॅगझिनमध्ये तीस मावायच्या पण स्प्रिंगवर ताण नको म्हणून भरायच्या अठ्ठावीस. स्वतःच्या रायफलीला तोच जुना कापडी बंडोलियर, पन्नासचा. म्हणजे साधा शिपाई निम्मा लढवय्या आणि निम्मा ब्रेनगनचा हमाल. मला हे फार आवडलं, कारण सेक्शन एकत्र का राहतो याचं कारण भाषणात नसतं, माझ्या गनच्या गोळ्या तुझ्या खिशात आहेत यात असतं.

केरेनचं उदाहरण घ्या, एरिट्रियात, १९४१ चा फेब्रुवारी-मार्च. उभे खडकाळ डोंगर, वर इटालियन, खाली आपण. मार्चमध्ये ३/५ मराठ्यांनी फ्लॅट टॉप नावाची टेकडी घेतली. पण डोंगरावर गोळ्या, पाणी, खाणं चढवायला लढणाऱ्या माणसांतलीच सुमारे पाव माणसं ओझी वाहायला लावायला लागली होती. चारातला एक बंदूक बाजूला ठेवून पेट्या वाहतोय.

मग दोन व्हिक्टोरिया क्रॉस, ज्यांच्यासमोर सगळेच थांबतात. नाईक यशवंत घाडगे, माणगाव तालुक्यातले, १० जुलै १९४४, इटलीत टायबरचं खोरं. सेक्शनमधले बाकी सगळे मेले किंवा जखमी झाले, हे एकटे मशीनगनवर धावले, आधी ग्रेनेड, मग टॉमीगन, म्हणजे हातातली छोटी मशीनगन. आणि टॉमीगन रिकामी झाली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता असं त्यांच्या सन्मानपत्रातच आहे. त्यांनी गन नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्यानं मारलं. त्यानंतर स्नायपरच्या गोळ्यांनी ते गेले, वय २२. हे मी आधी अनेकदा वाचलं होतं, शौर्यगाथा म्हणून. तिथं उभं राहून मात्र मला ते पाऊच, झाकण, मॅगझिन, हात असं सगळं दिसायला लागलं. भरलेलं मॅगझिन छातीवर असेलही, पण पाऊच उघडून, रिकामं काढून, भरलेलं बसवून चाप ओढेपर्यंत चारपाच सेकंद जातात आणि तेवढे सेकंद त्यांच्याकडं नव्हते.

दुसरे शिपाई नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५, सेनियो नदी. दोन जखमींना एकेक करून पाण्यातून आणि सुरुंगांतून पलीकडं पोचवलं, मग परत फिरून मशीनगनची ठाणी मोडली. हाताला गोळी लागल्यावर टॉमीगन चालवता येईना तेव्हा ती टाकून दिली आणि ग्रेनेड काढले. ते वाचले, नंतर बरीच वर्षं जगले.

बाहेर आलो तर दोन वाजले होते. भावाला भूक लागलेली, त्याला माझं पाऊचपुराण ऐकायचं नव्हतं.

रविवार

सकाळी खानापूर. गाडी रिकामी, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना भात पोटरीला आलेला आणि वरून भुरभूर. खानापूरच्या पुढं जंगलाकडच्या एका गावात भावाचे सासरे राहतात, रिटायर्ड सुभेदार, गावात सगळे त्यांना सुभेदार मामाच म्हणतात. गावाचं नाव टाकत नाही, त्यांना आवडणार नाही.

मी कशासाठी आलोय ते कळल्यावर मामा हसतच सुटले. ‘लोकं येत्यात ते मेडल बघाय, तू पाऊच बघूलालाय? बस बस, चा घे आदी.’

चहा झाला, तांदळाच्या भाकरीचं जेवण ठरलं आणि मामा सुरू झाले. भरती झाले तेव्हा बेळगावातच ट्रेनिंग, पहिली चांदमारी, म्हणजे नेमबाजीचा सराव, थ्री नॉट थ्रीवर. चांदमारी संपली की रिकामे खोके, म्हणजे उडालेल्या गोळ्यांच्या पुंगळ्या, मोजून परत द्यायचे, जितके राउंड दिले तितके खोके. ‘एक कमी आला न्हवं, तर अख्खी प्लाटून गवतात गुडघ्यावर. गोळी चुकली तर वस्ताद शिव्या देतंय, खोका चुकला तर जेवान न्हाई.’ घरी सगळ्या वस्तू मोजून ठेवायची सवय तिथनं लागली म्हणाले, मामी आतनं म्हणाल्या, अजून चमचे मोजतात.

नंतर एसएलआर ही रायफल आली. ७.६२ ची, मॅगझिनमध्ये वीस. मामा वीस कधी भरायचे नाहीत, अठरा. स्प्रिंग दमते आणि नवं मॅगझिन बसवताना वरची गोळी अडते. पाऊचमध्ये मॅगझिन उलटं, तोंड खाली, गोळ्यांची टोकं पुढं. तोंड वर ठेवलं तर माती आणि पाणी आत जातं, आणि उलटं ठेवलं की हात खाली गेल्यावर जसं पकडलं तसंच रायफलीला लागतं, मनगट फिरवायला लागत नाही. सांगताना टेबलावरचा टीव्हीचा रिमोट उचलून करून दाखवलं, दोनदा, डोळे मिटून. हात गेला, रिमोट वर, ‘टक्’. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाचा तो वेग बघून आम्ही गार.

मी विचारलं, शेवटची गोळी संपली हे कळायचं कसं? मोजायला कोण बसतंय. मामा म्हणाले, मॅगझिन भरताना तळाला आधी दोन ट्रेसर, म्हणजे उडताना उजेडाची रेघ सोडणाऱ्या गोळ्या, घालायचे. लाल रेघ निघाली की समजायचं, आता बदल. पण ती रेघ शत्रूलाही दिसते, तोही समजतो, म्हणून काही जण घालायचेच नाहीत. प्रत्येक युक्तीला उलटा काटा असतोच.

मग पाऊच कुठं नडतो ते सांगितलं. सरपटताना. छातीवर दोन भरलेले पाऊच घेऊन जमिनीला चिकटायचं म्हटलं तर अंग वर उचललं जातं, चारपाच बोटं तरी. गोळ्यांच्या वर्षावात चारपाच बोटं म्हणजे फार. म्हणून काहीजण पाऊच बाजूला सरकवायचे, मग पळताना ते मांडीवर आपटायचे. आणि आवाज. रात्रीच्या गस्तीत अर्धं भरलेलं पाऊच खुळखुळतं, त्यात मोजा नाहीतर चिंधी कोंबायची, मग जाग्यावर उड्या मारून एकमेकांचा आवाज ऐकायचा आणि मगच निघायचं.

७१ ला मामा पूर्वेकडं होते, कुठं ते फार सांगत नाहीत. जमालपूरची गोष्ट मात्र सांगितली, ती जंगी पलटणची, म्हणजे १ मराठाची, मामा त्यात नव्हते. आपल्या ब्रिगेडियरनं पाकिस्तानी कमांडरला शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली, तर त्यानं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून परत पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री ते वेढ्यातनं बाहेर पडायला निघाले आणि रस्त्यावर १ मराठा बसलेले. सकाळपर्यंत निकाल लागला. मामा म्हणाले, ‘एक गोळी पाठवून काय हुतंय, त्यास्नी तवा पेट्या लागत हुत्या.’

हल्ला संपला की पहिलं काम काय, असं मी विचारलं. मला वाटलं जखमी. मामा म्हणाले जखम्यांचं बघतातच, पण त्याच वेळी सेक्शन कमांडर ओरडतो, राउंड किती? प्रत्येकानं आकडा सांगायचा आणि ज्याच्याकडं जास्त त्यानं कमीवाल्याला द्यायचे. मेलेल्याच्या पाऊचमधलेही काढायचे. हे सांगताना ते थोडं थांबले आणि मामीला भाकरीचं विचारलं.

६२ च्या चीन युद्धाचा विषय त्यांनीच काढला. भरती झाल्यावर जुने लोक तेच सांगायचे. चीन सीमेवरच्या नामका चू नदीच्या काठावर ऑक्टोबर १९६२ मध्ये आपल्या जवानांकडं थ्री नॉट थ्री आणि माणशी पन्नास राउंड, पाऊच अॅम्युनिशन म्हणतात ते. मागं रस्ता नाही, वरनं विमानानं टाकलेल्या पेट्या दऱ्यांत जायच्या. त्या रायफलीला आपण जुनी म्हणून नावं ठेवतो. माझं मत असं की जुन्या रायफलीनंही माणूस बराच वेळ लढतो, पन्नास गोळ्यांनी लढत नाही.

पहाडात रस्ता नसला की सगळं खच्चरावर. एका खच्चराला साधारण दोन मण, दोन्ही बाजूंना एकेक पेटी. पहिल्या महायुद्धातली बंडोलियरची पेटी हजार गोळ्यांची, म्हणजे एक खच्चर दोन हजार गोळ्या. दोन्ही पेट्या वजनाला सारख्या लागतात, नाहीतर खोगीर फिरतं आणि जनावर कड्यावरनं खाली. खच्चर आपलं काम करतं आणि कोणाचं ऐकत नाही, मामांच्या मते ते त्यांच्या एका जुन्या साहेबासारखं होतं.

दुपारी पाऊस थांबल्यावर मामा शेजारच्या वाड्यावर घेऊन गेले. तिथं एक आजी, नव्वदीच्या पुढच्या. मामांनी त्यांना काय सांगितलं कुणास ठाऊक, त्यांनी आतून एक फडकं आणून माझ्या हातात दिलं. खाकी रंग उडून मातकट झालेला, पण पाच खण, मधली शिवण, टोकाला पट्टी. कापडी बंडोलियर! एका खणात घेवड्याचं बी, एकात दोडक्याचं, एकात भेंडीचं, दोन रिकामे. त्यांचे सासरे लढाईवरून आले तेव्हा बरोबर आलेला. कुठली लढाई ते आजींना माहीत नाही, इटाली एवढं म्हणाल्या. खणाच्या तोंडाला पुढं कुणीतरी हातशिलाई करून बटण लावलंय. मी माप घेतलं, फोटो काढू का विचारलं, आजी म्हणाल्या बियाचा कशाला फोटो. नाही काढला. एवढं ओलं हवामान, उंदीर, चुलीचा धूर, तरी ते कापड अजून ताणून फाटत नाही. एकदा वापरून फेकायला बनवलेली वस्तू होती ती.

त्याच वाड्यावर एका शेतकऱ्याकडं शेतरक्षणाच्या लायसन्सची ठासणीची बंदूक होती, रानडुकरांसाठी. त्यांची दारू छोट्या शिंगात, छर्रे गोळ्या-बिस्किटाच्या डब्यात, काथ्या आणि टोप्या सदऱ्याच्या खिशात, वर प्लॅस्टिकचं फडकं. बार भरायला किती वेळ लागतो विचारलं तर म्हणाले, ‘डुक्कर थांबत न्हाई तेवढा.’ शुक्रवारी किल्ल्यात मी जे डोक्यात जुळवत होतो ते इथं खिशात घेऊन माणूस फिरतोय.

येताना नंदगडला दहा मिनिटं थांबलो. संगोळ्ळी रायण्णाला इंग्रजांनी १८३१ मध्ये इथं फाशी दिली. समाधीजवळचं वडाचं झाड मोठं आहे. गर्दी होती, अंधार पडत होता, फार थांबता आलं नाही.

सोमवार

कित्तूर. बेळगावहून धारवाड रोडनं तासाभरात. सोमवारी म्युझियम बंद की चालू यावर मावशीकडं दोन मतं होती, निघालो तसेच. वाड्याचे अवशेष, चौथऱ्यावर तुटके खांब, ध्रुवतारा बघायचं छिद्र आणि पोरांची सहल. शिक्षिका कन्नडमध्ये राणी चन्नम्मांची गोष्ट सांगत होत्या. मला अर्धं कळलं, पण थॅकरे हे नाव आल्यावर पोरांनी टाळ्या वाजवल्या. २३ ऑक्टोबर १८२४ ला कंपनीचा कलेक्टर थॅकरे इथं मारला गेला. डिसेंबरमध्ये इंग्रज जास्त फौज आणि तोफा घेऊन आले आणि किल्ला पडला.

मी बुरुजाच्या कडेला बसून तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीनं बार काढायच्या बंदुकीचा विचार करत होतो. कंपनीच्या शिपायाकडं मापलेली कागदी काडतुसं. तोड्याच्या बंदुकीवाल्याकडं शिंगात दारू, थैलीत गोळ्या, आणि मनगटाला किंवा बंदुकीला गुंडाळलेली जळती जामगी. म्हणजे कमरेला दारू आणि हातात विस्तव, दिवसभर. प्रत्येक बाराला दारू अंदाजानं ओतायची, कमी पडली तर गोळी जवळच पडते आणि जास्त झाली तर नळी फाटते. हाताखालचा माणूस कितीही शूर असला तरी एका बाराला त्याला जवळजवळ दुप्पट वेळ. पहिल्या दिवशी कित्तूरनं बाजी मारली ती एका जोरदार धडकेत, हे मला त्यामुळं पटतं. वेढा लांबला की जो मागून मापलेली काडतुसं पेटीनं आणू शकतो त्याचं पारडं जड होणारच.

म्युझियम उघडं होतं. मूर्ती आणि शिलालेख बरेच, हत्यारंही आहेत. मी सवयीनं शिंग आणि थैल्या शोधल्या, रखवालदार मागं मागं फिरत होता.

दुपारी बेळगाव, मावशीनं करदंटू आणि कुंदा बांधून दिला, संध्याकाळची कोल्हापूर गाडी. जाणार असाल तर मराठा सेंटरची चौकशी आधी करा आणि कॅमेऱ्याची आशा धरू नका, खानापूर साइडला पावसाळ्यात जायचं तर स्वतःची गाडी हवीच, रविवारी बस फार कमी असतात. आणि ओळखीचा पेन्शनर फौजी कोणी असेल तर त्याला रायफल कुठली होती ते विचारू नका, मॅगझिन पाऊचमध्ये कसं ठेवायचा ते विचारा. आता पुढचं खडकी. अॅम्युनिशन फॅक्टरी तिथं १८६९ पासून आहे, आत कोणी सोडणार नाही, पण तिथं नोकरी केलेल्या एकदोघांचे नंबर मामांनी दिलेत.